पत्र आणि पद
जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीच्या मूळ खर्ड्याचे नाव ‘फर्स्ट इंप्रेशन्स’ होते. १९५९ साली ब्रॉडवेवर आलेल्या तिच्या संगीत रूपांतराने तेच नाव घेतले. ते ८४ प्रयोगांनंतर थांबले. प्रयोगसंख्येवरून कलाकृतीचे मोल ठरत नाही. परंतु रूपांतराची खरी अडचण या नावातच सूचित झाली आहे. प्रथमदर्शनी उमटलेला ग्रह पदाला सहज पेलतो. ऑस्टिनचा विषय मात्र तो ग्रह पुसला जाण्याचा आहे. डार्सीचे पत्र एलिझाबेथ एकटीच वाचते, रागाने मिटते, लगेच पुन्हा उलगडते. आणि या फेरवाचनातच तिला स्वतःची ओळख पटते. हे मौन पदातून उघड बोलून दाखविले, तर प्रेमाची कबुली तेवढी उरते, आत्मपरीक्षण लोपते. तथापि संगीताजवळ यावर उपाय आहे. परिचित चाल नव्या प्रसंगी परतली, की तिचा अर्थ पालटतो. आरंभी एलिझाबेथने उपहासाने गायिलेली चाल पत्रवाचनाच्या वेळी केवळ वाद्यांवर, संथ लयीत उमटली, तर तिचे फेरवाचन श्रोत्यालाही घडेल. रूपांतरकाराने काही प्रसंग गाळले तरी ते क्षम्य आहे. हे स्थित्यंतर गाळणे क्षम्य नाही.