बेघरांचे चेहरे आणि कापलेला रस्ता



गेल्या व्याख्यानानंतर खाली चहा घेत असताना आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. आता तो कळंबोलीला नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी रस्त्यावरची छायाचित्रं काढतो. त्यानं मोबाइलवर तीसेक छायाचित्रं दाखवली. पनवेल स्टेशनच्या आसपास, उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या माणसांची. सगळी काळीपांढरी, अगदी जवळून घेतलेली. सुरकुत्या, पांढरी दाढी, डोळ्यांतलं पाणी. प्रत्येकाखाली चार-सहा ओळींत त्या माणसाची गोष्ट, 'मी'नं सुरू होणारी. "सर, कशी वाटली?" आम्ही "छान" म्हणालो आणि घरी आल्यावर त्या 'छान'नं आमची झोप घालवली. आजचं बोलणं त्या 'छान'बद्दल आहे. विद्यार्थी मागच्या रांगेत बसलाय, त्याच्या परवानगीनंच बोलतोय.

या प्रकाराचा वंशवेल तुम्हांला माहीत आहे. ब्रँडन स्टँटन यानं २०१० साली 'ह्यूमन्स ऑफ न्यूयॉर्क' सुरू केलं, २०१४ मध्ये 'ह्यूमन्स ऑफ बॉम्बे' आलं, आणि आता गावोगावी एक चेहरा आणि खाली एक गोष्ट. बेघरांपुरतं बोलायचं तर मँचेस्टरकडच्या ली जेफ्रीजचं नाव घ्यायला हवं. पेशानं हिशेबनीस. २००८ साली लंडनमध्ये त्यानं रस्त्याच्या पलीकडून, लांबच्या लेन्सनं, झोपण्याच्या पिशवीतल्या एका बेघर मुलीचा फोटो घेतला. तिनं ते पाहिलं आणि ती ओरडली. पळून जाण्याऐवजी तो तिच्याजवळ गेला, बसला, बोलला. पुढची त्याची सगळी कामगिरी या प्रसंगातून निघाली. आधी ओळख, मग कॅमेरा. यात खोट काढायला जागा नाही, आणि आमच्या विद्यार्थ्यानंही हेच केलंय. तो चोरून फोटो काढत नाही. बसतो, चहा पाजतो, विचारतो.

मग अडलं कुठं?

अडलं ते चौकटीत. जेफ्रीजची छायाचित्रं आठवून पाहा. काळ्या पार्श्वभूमीतून उजळत येणारा चेहरा, हनुवटीपासून कपाळापर्यंत. रस्ता नाही, भिंत नाही, गाडी नाही. आता बेघर असणं म्हणजे काय? तो काही चेहऱ्याचा गुण नव्हे. 'बेघर' या शब्दात जागेबद्दलचं विधान आहे : या माणसाला या शहरात पाठ टेकायला हक्काची जागा नाही. आणि छायाचित्रातून नेमकी जागाच कापली तर उरतं काय? एक दुःखी म्हातारा. दुःखी म्हातारे बंगल्यातही असतात, आमच्या सोसायटीत चार आहेत, पाचवे आम्ही. (हशा)

हे नवं नाही. डोरोथिया लँगचं १९३६ मधलं 'मायग्रंट मदर' घ्या. कॅलिफोर्नियात निपोमो इथं वाटाणे तोडायला आलेल्या मजुरांच्या तळावर लँगनं एका मागून एक छायाचित्रं घेतली आणि दर वेळी ती पुढे सरकली. आधीच्या चित्रांत फाटका तंबू, सामान, भोवतालची जमीन दिसते. शेवटच्या, जगप्रसिद्ध चित्रात आई, खांद्यांत तोंड लपवलेली दोन मुलं आणि मांडीवरचं तान्हं. तंबूची कनात फक्त पडद्यासारखी मागे. पुढे त्या तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा कोपऱ्यात दिसत होता, तोही नंतर पुसून टाकला. चित्र थोर आहे, यात शंका नाही. पण लँगनं त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. नाव जगाला कळलं १९७८ मध्ये, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. आणि कळलं तेव्हा बाईंची तक्रारही कळली, की या चित्रातून आपल्याला एक पैसा मिळाला नाही. गाडीचे टायर विकून अन्न आणलं अशी जी हकिकत चित्राबरोबर चालत आली होती, तीही तिच्या घरच्यांनी खोडून काढली. बेचाळीस वर्षं एक चेहरा साऱ्या जगाला पाठ होता, आणि त्या चेहऱ्याला बोलायचं होतं ते कोणी ऐकलेलं नव्हतं.

आमच्या विषयातला एक शब्द इथं वापरतो, फार नाही. लेव्हिनास हा फ्रेंच तत्त्वज्ञ 'चेहरा' या कल्पनेवर नीतिशास्त्र उभं करतो, म्हणून अशा छायाचित्रांच्या प्रस्तावनांत त्याचं नाव हमखास येतं. पण त्याचा चेहरा म्हणजे नाक-डोळे नव्हेत. समोरच्याच्या डोळ्यांचा रंग लक्षात न येणं हीच त्याला भेटण्याची उत्तम रीत, असं तो म्हणतो. चेहरा म्हणजे जो आपल्याशी बोलतो, आपल्याला उलट विचारू शकतो तो. आणि छापलेलं छायाचित्र उलट विचारत नाही, ही त्याची सोयच आहे.

पण माणूस विचारतो. एका रविवारी आम्ही विद्यार्थ्याबरोबर उड्डाणपुलाखाली गेलो. मराठवाड्यातून आलेल्या एका बाईंचा फोटो त्याच्या संग्रहात सगळ्यात सुंदर होता. त्यानं त्याची प्रत काढून आणली होती. बाईंनी ती हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "भांडी कुठं गेली?"

आम्हांला कळेना. मग कळलं. त्या दिवशी फोटो काढणार म्हटल्यावर त्यांनी पातेली घासून ओळीनं मांडली होती. केस विंचरून, पदर सारखा करून त्या पातेल्यांशेजारी उभ्या राहिल्या होत्या. आमचा छायाचित्रकार म्हणाला, "मावशी, उभ्या नका राहू, नेहमीसारख्या बसा." आणि चेहऱ्याजवळ गेला. बाईंनी आणखी एक विचारलं, "मी आजारी होते का रं तवा?"

आपल्या घरांतले जुने फोटो आठवा. स्टुडिओत जाऊन काढलेले. आजोबा खुर्चीत, आजी बाजूला उभी, मागे रंगवलेला पडदा, तिपाईवर फुलदाणी. पायांतल्या वहाणांसकट आख्खा माणूस. त्यात कोणी सहज नव्हतं आणि कोणाला व्हायचंही नव्हतं. माणूस जगापुढे कसा उभा राहू इच्छितो हे तो फोटो सांगायचा. पुलाखालच्या बाईंना तोच फोटो हवा होता. आम्हांला, म्हणजे पाहणाऱ्यांना, 'नैसर्गिक' हवा असतो. ज्याच्याकडे दार नाही, त्याच्याकडेच आपण बेसावधपणा मागतो. आम्ही स्वतः सेवानिवृत्तीच्या समारंभात कोट घालून उभे होतो, कोणी म्हणालं नाही की सर, बनियनवर बसा.

आता गोष्टीकडे येतो. बाईंच्या फोटोखाली लिहिलं होतं की नवऱ्यानं टाकलं, मुलं विचारत नाहीत. खरंच आहे ते. पण त्या रोज सकाळी नाक्यावर मजुरीला उभ्या राहतात, पनवेलच्या नव्या इमारतींत विटा-सिमेंट वाहतात, हे त्यात नव्हतं. का नव्हतं? कारण विचारलं गेलं होतं, "मावशी, इथं कशा आलात?" हा प्रश्न नेहमी भूतकाळात नेतो : नवरा, दारू, दुष्काळ, भांडण. 'इथं का राहावं लागतं', 'भाडं किती', 'जवळचा निवारा कुठं', हे प्रश्न वर्तमानातले, आणि त्यांची उत्तरं बाईंच्या चरित्रात सापडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये पाच लाखांवरच्या शहरांसाठी दर लाख लोकसंख्येमागे एक बारमाही निवारा असावा असं सांगितलं. पनवेल महानगरपालिका २०१६ मध्ये झाली, २०११ च्या गणनेप्रमाणे तिच्या हद्दीत पाच लाखांवर माणसं आहेत. तुम्हीच हिशेब करा.

गोष्टींमध्ये आणखी एक खोड असते. डॉ. भरत वाटवानी यांचा प्रसंग बहुतेकांना ठाऊक आहे. मुंबईत हॉटेलात बसलेल्या वाटवानी दांपत्याला रस्त्यापलीकडे एक तरुण करवंटीनं गटाराचं पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला उपचारासाठी नेलं. बरा झाल्यावर कळलं की तो विज्ञानाचा पदवीधर, आंध्रातल्या सुशिक्षित घरातला. त्यातून १९८८ मध्ये 'श्रद्धा' उभी राहिली, आज कर्जतला तिचं केंद्र आहे, २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्या कामाला मिळाला. काम वंदनीय. पण आपण ही गोष्ट सांगताना आवाज कुठं चढवतो? 'पदवीधर' या शब्दावर. तो चौथी नापास असता तर पाणी तितकंच घाण असतं. त्या तरुणाची गोष्ट उपचारांनंतर त्यानं स्वतः सांगितली, हा फरकही आपण विसरतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर स्पष्ट आहे की संस्थेत उपचार घेणाऱ्याचं छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. तोच माणूस संस्थेत पोचण्याआधी, फलाटावर भ्रमिष्ट बसलेला असतो, तेव्हा त्याची संमती कोण आणि कशी घेणार? आमच्या मते तेव्हा कॅमेरा खिशात ठेवावा. यावर वाद घालायचा असेल त्यानं नंतर घालावा.

आणि एक कायदा, जो छायाचित्रकारांनी वाचायलाच हवा. मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, १९५९. आपल्याकडे तो अजून आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्यातल्या प्रमुख तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. त्यातल्या व्याख्येत उपजीविकेचं साधन 'दिसत' नसणं आणि अशा अवस्थेत सार्वजनिक जागी भटकणं, हेही भीक मागण्यात धरलंय. पहिल्यांदाच दोषी ठरला तरी तीन वर्षांपर्यंत डांबता येतं. म्हणजे कायदाही दिसण्यावरच चालतो. त्याच व्याख्येत भीक मिळवण्यासाठी जखम किंवा व्यंग उघडं करून दाखवणंही येतं. माणसानं स्वतःची जखम दाखवून दोन रुपये मागितले तर तो गुन्हा, आणि तीच जखम आम्ही टिपून प्रदर्शनात लावली तर पारितोषिक. नाक्यावरच्या मजूर बाईंच्या चित्राला एका दर्शकानं 'भिकारीण' म्हटलं होतं, ते आम्हांला म्हणूनच किरकोळ वाटत नाही.

दुसरी वाट मराठी माणसानंच दाखवली आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रं वर्षानुवर्षं काढली. विषय बेघरांचा नाही, पण रीत बघा. तिथं कचऱ्याचा ढीग आहे, मॅनहोल आहे, भोवतालचं शहर आहे. चेहरा आहे, पण तो कुठल्या घाणीत उभा आहे आणि ती घाण कोणाची, हे चित्रातच आहे. पाहणाऱ्याला हळहळून सुटता येत नाही, कारण तो कचरा त्याचाच असतो. काळापांढरा रंग तोच, पण तो सुरकुत्यांवर खर्च केलेला नाही.

विद्यार्थ्यानं बाईंचं दुसरं छायाचित्र काढलं. बाई उभ्या, पायांत चपला, मागे ओळीनं पातेली, बाजूला पुलाचा खांब आणि त्यावर एका बांधकाम प्रकल्पाची जाहिरात. तो म्हणतो, "सर, रचना फसलीय, खांब डोक्यातून उगवल्यासारखा वाटतो." खरंच वाटतो. (हशा) प्रदर्शनात कुठलं लावायचं ते त्यानं अजून ठरवलेलं नाही. बाईंनी मात्र पहिलं परत केलं आणि दुसरं ठेवून घेतलं.

वेळ झालीय. प्रश्न घेऊ. माईक आधी मागच्या रांगेत द्या, त्याला उत्तर द्यायचं असेल.