सतरंजी कुणाची, कोपरा कुणाचा?

(पाटस येथे झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. थोडी पुनरुक्ती वगळली आहे. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



इथे उभा राहिल्यापासून मी एक गोष्ट बघतोय. पुढे खुर्च्यांच्या दोन रांगा आहेत. त्यांच्या मागे सतरंज्या. एका सतरंजीवर सगळ्या बाया, दुसरीवर सगळे गडी. सतरंजी संपते तिथे, उघड्या फरशीवर, पोरं. कुणी कुणाला ‘तू इथे बस’ म्हणालं का? नाही. सतरंजी टाकली आणि माणसं आपोआप वाटली गेली. आजचा विषय हाच आहे, त्यामुळे माझं निम्मं काम तुम्हीच करून ठेवलंय.

घरसजावटीचे लेख तुम्ही वाचले असतील. मोबाइलवर तर रोज एक व्हिडिओ येतो. त्यांचा सल्ला थोडक्यात असा: एकाच खोलीत सगळ्यांना राहायचं असेल तर भिंत घालू नका, गालिचा टाका. सोफ्याचे पुढचे पाय त्याच्यावर येऊ द्या, म्हणजे ती बसायची जागा झाली. खिडकीशी लहान गोल गालिचा आणि एक दिवा, ती वाचायची जागा. मध्ये पुस्तकांची उघडी मांडणी ठेवा, ती झाली भिंत.

मी या सल्ल्याला हसायला आलेलो नाही. तो खरा आहे. फरशीवरून सुतावर पाय पडला की पायाला कळतं, चपला आपोआप बाहेर राहतात. आपल्याकडे पंगतीत पाट मांडला, ताटाभोवती रांगोळी काढली, की तेवढी जागा त्या जेवणाऱ्याची. घोंगडी अंथरली की पाहुण्याची बैठक झाली. जपानात तर खोलीचं मापच चटईत सांगतात, साडेचार चटयांची खोली, सहा चटयांची खोली. तेव्हा अंथरुणाने जागा ठरते, हा शोध काही सजावटवाल्यांचा नाही.

माझी पहिली तक्रार वेगळी आहे. हा सल्ला असं धरून चालतो की खोलीतल्या प्रत्येक तुकड्याचं एकच काम असतं आणि ते दिवसभर तेच राहतं. आता आपली घरं बघा. प्रधानमंत्री आवास योजनेतलं गावाकडचं घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. मुंबईत बीडीडी चाळींची खोली १६० चौरस फुटांची होती, आणि तीत शंभर वर्षं संसार झाले. पुनर्विकासात त्यांना ५०० फुटांचं घर कबूल झालं, तर केवढी बातमी झाली! अशा घरात जागा जागेने वाटत नाहीत, वेळेने वाटतात.

आमचंच सांगतो. माझं लहानपण इथलंच, दोन खोल्या, वर पत्रा. पुढच्या खोलीत सकाळी आजोबांचा चहा आणि पेपर. दहाला तिथेच आज्जी ज्वारी निवडायला बसायची. दुपारी आई आणि शेजारच्या बाया तिथेच वाकळ शिवायच्या. संध्याकाळी आमचा अभ्यास, मग जेवण, मग अंथरुणं. पहाटे सगळ्याची वळकटी करून पेटीवर चळत. एका खोलीत दिवसातून सहा खोल्या व्हायच्या, कारण खाली अंथरलेलं सगळं उचलता यायचं. तिथे सोफ्याखाली अडकवलेला जाड गालिचा टाकला असता, तर सहातल्या चार खोल्या गेल्या असत्या.

आणि पाटसकरांना हे मी काय सांगणार? तुकोबांची पालखी इथून रोटी घाटाकडे निघते. त्या दिवशी आपल्या ओसरीचं काय होतं आठवा. पलंग उभा करून भिंतीला लावतो, असतील नसतील तेवढ्या सतरंज्या काढतो, ओळखपाळख नसलेली माणसं घरात टेकतात. पालखी गेली की झाडून पुन्हा आपलं घर. भीमा कारखान्याच्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या बघा. आत एकच जागा. एका अंगाला चूल, एका अंगाला पेटी, मधल्या पोत्यावर लेकरू निजलेलं. त्या बाईने जागेची जी वाटणी केलेली असते, तिची दखल कुठलं मासिक घेत नाही.

आता दुसरी तक्रार, आणि ती मोठी आहे. रेघ कोण ओढतंय, हे हा सल्ला विचारतच नाही.

आपली जुनी अंथरुणं फार गोड होती असं मी म्हणणार नाही. याच आपल्या गावांमधून वाड्याच्या ओसरीवर बैठक असायची, आणि काही जातींच्या माणसांना अंगणात, मातीत बसावं लागायचं. ती बैठक म्हणजे हद्दच होती. घरात बाई चार दिवस ‘बाहेर’ बसायची, तिचं घोंगडं वेगळं, कोपरा वेगळा. तोही खोलीचा एक भाग आखून दिलेलाच होता की! अंथरुणाने आखलेली जागा दिसायला मऊ, पण ती एखाद्याला घेऊ शकते तशी बाहेरही ठेवू शकते.

‘मुंबईचा जावई’ हा राजा ठाकूर यांचा १९७० चा चित्रपट इथल्या जुन्या मंडळींनी पाहिला असेल. त्यावरूनच बासू चटर्जींनी १९७२ साली हिंदीत ‘पिया का घर’ केला. चाळीतलं लहानसं घर, माणसं भरपूर, आणि नव्या जोडप्याला दोन शब्द बोलायला आडोसा नाही. हसत हसत डोळ्यांत पाणी येतं. चित्रपट मला आवडतो, तरी एक खटकतं. शेवटी माणसांच्या मायेपुढे जागेची अडचण लहान ठरते. पण माया होतीच की आधीपासून! प्रश्न होता तो कुणाचं अंथरूण कुठे, हे ठरवण्यात नव्या सुनेचं मत किती, याचा. तो मायेत विरघळून जातो, आणि आपणही समाधानाने घरी येतो.

जागा वाढली की प्रश्न सुटतो, असंही नाही. रमाबाई रानड्यांच्या आठवणींचं पुस्तक १९१० सालचं. न्यायमूर्तींचं घर, तिथे चौरस फुटांचा तोटा नव्हता. तरी त्यांनी शिकायला घेतलं तर घरातल्याच बायकांचा केवढा विरोध! व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली लिहिलं की लिहिणाऱ्या बाईला पैसा आणि स्वतःची खोली हवी. आपल्याकडे खोली राहू द्या, चटईभर जागा ‘ही तिची’ म्हणून घरातल्या सगळ्यांनी मानली, तरी पुष्कळ झालं.

इथे एक घरातली गोष्ट सांगतो. माझ्या पुतणीचं दहावीचं वर्ष होतं. पुढच्या खोलीतच टीव्ही. आम्ही सल्ल्याप्रमाणे केलं. खिडकीशी पट्ट्यांची सतरंजी, खाली ठेवायचं मेज, एक टेबललॅम्प, तारेवर सोलापुरी चादर अडकवून पडदा. दिसायला फार छान. चौथ्या दिवशी पोरगी रडत पुस्तक घेऊन शेजारी गेली. का? तर पडद्याने टीव्ही दिसायचा थांबला, ऐकू यायचा थांबला नाही. घरसजावटीच्या सल्ल्याची ही खरी गोम आहे. तो सगळा डोळ्यांसाठी असतो. एका खोलीतली भांडणं कानांतून येतात.

मग दादाने नियम केला. दिवा लागला की टीव्ही बंद. आणि तिच्या सतरंजीवर कुणी ताट, चार्जर, धुतलेले कपडे ठेवायचे नाहीत. त्या दिवसापासून ती जागा झाली. सतरंजी तीच होती, मधे फक्त घराचा शब्द आला.

त्याच उत्साहात मी वहिनींना विचारलं, “वहिनी, दादाची जागा दिवाणावर, आईची देवापाशी, पोरीची खिडकीत. तुमची कुठली?”

त्या म्हणाल्या, “भावजी, माझी काय, ओट्यापाशी.”

सगळे हसले, मीही हसलो. रात्री झोप लागेना. ओटा ही त्यांची जागा कशी? ती त्यांच्या कामाची जागा. सगळ्यांच्या सतरंज्या टाकून झाल्यावर जी फरशी उरते तिच्यावर वहिनी, आणि ती झाडायचीही त्यांनीच. मी एवढं वाचलेला माणूस, घराचा नकाशा करताना एक माणूस विसरलो होतो.

आता थोडं कामाचं बोलतो, नाहीतर म्हणाल नुसती टीका करून गेला. घ्यायचंच असेल तर हलकं, सुती, घरी धुता येईल असं घ्या. पावसाळ्यात जाड गालिचा दमट होतो, वास मारतो. घोंगडी चांगली, पण लोकरीला कसर लागते. ऊन दाखवा, घडीत कडुनिंबाचा पाला ठेवा. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते आणि म्हातारं माणूस कडेला अडखळतं, म्हणून येण्याजाण्याच्या वाटेवर काही अंथरू नका. आडोसा छातीएवढाच ठेवा, पंखा आणि उजेड दोन्हीकडे पोचला पाहिजे. आणि पैसे थोडे असतील तर गालिच्याआधी दिवा घ्या. रात्री एका दिव्याच्या उजेडाचं वर्तुळ कुठल्याही गालिच्यापेक्षा चांगली हद्द आखतं, आणि बटण दाबलं की पुसलीही जाते.

पण हे सगळं नंतर. आधी घरातल्या माणसांची नावं एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे त्याची जागा लिहा. काम करायची नव्हे, नुसतं बसायची. दिवसातला अर्धा तास असला तरी चालेल. ज्या नावापुढे काही लिहिता येणार नाही, पहिली सतरंजी त्या माणसाची.

आमच्याकडे काय झालं म्हणाल, तर दुपारी दोन ते तीन ती खिडकीतली सतरंजी वहिनींची. पहिले आठ दिवस त्या तिथे बसून लसूणच सोलत होत्या. सवय जायला वेळ लागतो. आता पेपर वाचतात, कधी नुसत्या बाहेर बघत बसतात. परवा मी चुकून तिथे पाय पसरला, तर म्हणाल्या, “भावजी, दोन वाजले.”

मला फार बरं वाटलं. उठलो.

कार्यक्रम संपल्यावर या सतरंज्या झटकून घड्या घालायच्या आहेत. एकेका सतरंजीला चार माणसं लागतील. दरवेळी बायाच मागे राहतात, आज खुर्चीवरच्या मंडळींनी थांबावं, एवढी विनंती करतो आणि थांबतो.