वाचायला मुभा, लिहायला दंड

दिंडोशीतल्या आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून कुणीही विचारेल, की इंग्रजांच्या ताब्यातली अमेरिका आणि पुण्याची मुक्ता साळवे, यांचा एकमेकींशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही बोलणार आहोत मुक्ताच्या निबंधावरच. पण तो नीट वाचायचा तर आधी जरा अमेरिकेतून फिरून यावं लागेल.

मॅसॅच्युसेट्स वसाहतीनं १६४७ साली कायदा केला. पन्नास घरांच्या गावानं मुलांना लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर नेमायचा. शंभर घरं झाली की लॅटिन शिकवणारी शाळा काढायची. कारणही कायद्यातच दिलं आहे: माणसांना बायबलपासून दूर ठेवणं हा सैतानाचा डाव आहे, तो हाणून पाडायचा. म्हणजे शाळा निघाली ती धर्मासाठी. धर्माला वाचणारा माणूस हवा होता. तो लिहिणारा असलाच पाहिजे असं नव्हतं. मुली वाचायला शिकत, लेखणी मात्र त्यांतल्या पुष्कळजणींच्या हाती येत नसे.

दक्षिणेत हा भेद उघडाच पडतो. १७३९ साली साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं. १७४० मध्ये कायदा आला: गुलामाला लिहायला शिकवलं किंवा लेखनिक म्हणून कामाला लावलं, तर शंभर पौंड दंड. वाचण्याबद्दल त्या कलमात काही नाही. काही धर्मोपदेशक गुलामांना वाचायला शिकवत होते, ते चालत होतं. वाचणारा गुलाम उपदेश ऐकेल. लिहिणारा मालकाच्या नावानं परवानगीची चिठ्ठी करून मळ्याबाहेर पडेल, ही भीती.

आता मुंबईकडे या. देश स्वतंत्र झाल्यावर याच मॅसॅच्युसेट्समध्ये १८१० साली अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था निघाली. तिचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८१५ मध्ये त्यांनी इथं शाळा सुरू केली आणि १८४२ मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' काढलं. हेतू जुनाच: लोकांनी वाचावं आणि धर्माकडे यावं.

त्याच 'ज्ञानोदय'त १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयीचा मुक्ताचा निबंध छापून आला. वय चौदा, फुल्यांच्या शाळेत तीनएक वर्षं शिकलेली.

या निबंधाचं आपण काय करतो? कार्यक्रमात त्यातला काळीज पिळवटणारा भाग वाचतो आणि 'एवढीशी पोर, पण काय लिहिलंय!' म्हणून टाळ्या वाजवतो. आमची तक्रार इथं आहे. या कौतुकात तिचा युक्तिवाद हरवतो.

ती म्हणते, वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमच्याकडे ग्रंथ नाही. मग आम्ही धर्मरहितच ठरलो. समोरच्याचंच गृहीत धरून ती ते शेवटापर्यंत नेते. मग देवाला विनवते, की आमचा धर्म कोणता ते कळू दे. आणि एकानंच भोगावा, बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत राहावं, असे धर्म नाहीसे होवोत. दुसरीकडे ती बाजीरावाच्या तोंडी उपहासानं सवाल घालते: महार-मांग वाचू लागले, तर दफ्तराचं काम त्यांना देऊन ब्राह्मणांनी काय धोकटी बगलेत मारून हजामती करत फिरायचं? साउथ कॅरोलिनाचा लेखनिक आठवा. भीती पोथीपुरती नाही, दफ्तराची आहे. हे चौदा वर्षांच्या मुलीनं हेरलं, आणि तेही थट्टेच्या सुरात.

आता उलट बाजू. हिंदू धर्मावरची टीका मिशनला सोयीची होती, म्हणूनही निबंध छापला गेला असेल. त्यात इंग्रजी राज्याची स्तुतीही आहे. ती झाकू नये. पण तिनं दिलेली कसोटी, धर्म सगळ्यांना सारखा मिळतो का, ही छापणाऱ्यांनाही सोडत नाही. १८५५ साली त्यांच्या मायदेशात गुलामगिरी कायम होती आणि धर्मग्रंथाचा आधार घेऊन तिचं समर्थन करणारे पाद्रीही होते. पुढं १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली ती त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून, हे विसरू नये.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. शाळा कोणी, कशासाठी काढली हे विचाराच; पण तिथं मुलांना स्वतःचं लिहू देतात का, हेही विचारा. आजही आपली मुलं फळ्यावरची उत्तरं वहीत उतरवून काढतात. ते लिहिणं दिसतं, पण असतं वाचणंच. मुक्ताचा निबंध पाठ करायला लावण्यापेक्षा, तिच्यासारखा एक स्वतःचा निबंध त्यांना लिहू द्या. आपल्याला बोचला तरी.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.