बांधावरचे झाड आणि झाडाचे प्रचारक

शेतात झाडे लावा असे सांगणाऱ्या पत्रकांना आपल्या शाळांमध्ये तोटा नाही. पावसाळा तोंडावर आला की पत्रके येतात, मागोमाग रोपे येतात आणि मुलांच्या हातून ती घरोघरच्या बांधांवर जातात. शिक्षक हा या प्रचाराचा बिनपगारी वाहक असतो. त्यामुळे त्यात शास्त्र किती आणि नुसता उत्साह किती, हे तपासणे त्याच्याकडेच येते. झाडांशी आमचे वैर नाही. शेतीत झाड असावे, हे आम्हांलाही मान्य आहे. तक्रार आहे ती हिशेबाबद्दल. प्रचारक जमेची बाजू ठळक अक्षरांत छापतात. खर्चाची बाजू शेतकऱ्याने आपली आपण शोधावी, अशी त्यांची अपेक्षा दिसते.

एक आकडा आपण सर्वांनी कधी ना कधी फळ्यावर लिहिलेला असेल. १९७९ साली कलकत्ता विद्यापीठातील प्रा. टी. एम. दास यांनी पन्नास वर्षांच्या एका झाडाच्या सेवांची किंमत १५ लाख ७० हजार रुपये काढली. प्राणवायू, हवेची शुद्धी, धूप थांबवणे असे सगळे त्यात होते. लाकूड आणि फळे मात्र धरलेली नव्हती. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती जे प्रत्यक्ष पडायचे, नेमके तेच हिशेबाबाहेर! प्राणवायूची पावती घेऊन कोणी सोसायटीचे कर्ज फेडत नाही. शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडासाठी हा आकडा उपयोगी पडला असेल, पण शेतातल्या झाडाची बाजू मांडायला तो अगदीच लंगडा आहे.

आता कराडकडे पाहू. कृष्णा-कोयनेच्या काळ्या रानात बांधावर झाड ही नवी गोष्ट नव्हे. बांधावर बाभूळ असे. त्यातही शेतकऱ्यांची आवड रामकाठी बाभळीला, कारण ती सुरूसारखी सरळ उभी वाढते आणि तिची सावली अरुंद पडते. तिच्या लाकडाचा नांगर, गाडीची चाके, शेंगा शेळ्यांना, फांद्या कुंपणाला. ही निवड कोणत्याही संशोधन केंद्राने केलेली नव्हती. पिकाला कमीत कमी त्रास आणि घराला जास्तीत जास्त उपयोग, हा विचार त्यामागे स्पष्ट दिसतो. मग ही बाभूळ गेली कुठे? लोखंडी नांगर आला, पुढे ट्रॅक्टर आला, आणि लाकडाची गरज संपली. उपसा योजनांचे पाणी आले, रान उसाखाली गेले आणि बांध अरुंद झाले. पाचट पेटवले की बांधावरचे झाड होरपळते, ते वेगळेच. झाड अज्ञानामुळे गेलेले नाही, कारणांमुळे गेले आहे. ती कारणे न विचारता नवे रोप हातात देणारा प्रचारक त्याच बांधावर तेच झाड दुसऱ्यांदा मरायला लावत असतो.

यातले एक कारण तर भूमितीच्या तासाला शिकवता येईल. एक एकराचा चौरस तुकडा घ्या. त्याची बाजू सुमारे ६४ मीटर भरते. एका बांधावर दाट झाडे असून त्यांच्या सावलीने व मुळांनी लगतच्या चार मीटर पट्ट्यातले पीक निम्मे झाले, असे समजू. पट्टा अडीच गुंठ्यांचा, म्हणून नुकसान सव्वा गुंठ्याचे, शेकडा तीनच्या आसपास. एकरी ४० टन ऊस धरला तर सव्वा टन. हे परवडू शकेल. आता तुकडा दहा गुंठ्यांचा घ्या. बाजू निम्मी होते, क्षेत्र पावपट होते, आणि तोच चार मीटर पट्टा शेकडा सहांहून अधिक पीक खातो. शेत लहान होते तसा बांधाचा वाटा वाढतो. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. ‘बांधावर तर लावायचे, जमीन थोडीच अडते?’ हे वाक्य पन्नास वर्षांपूर्वी जितके खरे होते, तितके आज राहिलेले नाही.

आणि बांध म्हणजे कोणता बांध? कराडचे अक्षांश सुमारे १७.३ अंश उत्तर. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारची सावली दक्षिणेकडे पडते, उरलेले सारे वर्ष उत्तरेकडे. डिसेंबरच्या अखेरीस दहा मीटर उंचीच्या झाडाची मध्यान्हीची सावली साडेआठ मीटरांच्या आसपास जाते. रब्बीची ज्वारी किंवा गहू नेमका तेव्हा रानात असतो. झाड आपल्या दक्षिण बांधावर लावले तर सावली आपल्याच पिकावर. उत्तर बांधावर लावले तर शेजाऱ्याच्या! गावातली बांधाची भांडणे कशी चालतात, ते शिक्षकांना सांगायला नको. एवढी साधी गोष्ट, पण आम्ही पाहिलेल्या पत्रकांत दिशेचा उल्लेख सापडला नाही. सुरक्षित अंतराचा नाही, आणि साग, आंबा, चिंच, जांभूळ यांसारखी झाडे स्वतःच्या रानातली असली तरी १९६४ च्या कायद्यानुसार तोडायला परवानगी लागते, याचाही नाही.

नत्राबद्दलही असाच घोटाळा होतो. शेंगावर्गीय झाड पिकाला नत्र ‘देते’, असे लिहिले जाते. जणू मुळांतून नळ सोडला आहे. गाठींतले जीवाणू हवेतले नत्र बांधतात ते झाडासाठी. पिकाला त्यातले मिळते ते मुख्यतः पाने गळून, छाटणी मातीत कुजून. पाला शेळीपुढे टाकला आणि शेणलेंडी रानात परत आली नाही, तर उसाच्या वाट्याला फारसे काही येत नाही.

प्रचाराच्या लाटा आपण पाहिल्या आहेत. सुबाभळीची लाट उरुळीकांचनच्या ‘बायफ’ने उभी केली. मणिभाई देसाई यांची तळमळ खरी होती आणि कोरडवाहू भागात चाऱ्याचा प्रश्नही खरा होता. परंतु १९८८ मध्ये पाल्यातला रस शोषणारी एक चिमुकली परदेशी कीड भारतात पोचली आणि कोवळे शेंडे वाळू लागले. एकाच जातीवर भिस्त ठेवण्याचा धोका तेव्हा कळला. पाल्यात मिमोसिन असते आणि घोड्यासारख्या रवंथ न करणाऱ्या जनावरांना तो बाधतो, ही माहिती आधीपासून उपलब्ध होती. पण तिचा टाईप बारीक होता. मग नीलगिरी आली. १९८० च्या दशकाअखेर हरियाणा, पंजाब व पश्चिम उत्तर प्रदेशात सगळ्यांची झाडे एकदम तोडणीला आली आणि भाव कोसळले. झाडे वाढली, हिशेब बसला नाही. आता बांबू आहे. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याच्या लेखी ‘झाड’ राहिला नाही, त्यामुळे तोडणी व वाहतूक सोपी झाली. ही चांगलीच सुधारणा. पण त्याची मुळे उथळ आणि दाट पसरतात. शेजारच्या पिकाच्या वाट्याचे पाणी ती किती घेतात, हे उत्पन्नाच्या रकान्याशेजारी छापलेले आम्हांला हवे आहे.

गंमत अशी की झाड आणि पीक यांचा उत्तम संसार याच जिल्ह्यांत कित्येक पिढ्या चालला आहे, आणि प्रचारक त्याचे नाव क्वचितच घेतात. मिरज तालुक्यातले पानमळे पाहा. शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा यांच्या आधाराने पानवेल चढते, तिला विरळ सावली मिळते, छाटलेला पाला जनावरांना जातो. हळदीच्या रानात सावलीसाठी एरंड टोकण्याची रीत आहे. सावली सोसणारे पीक आणि सावली आटोक्यात ठेवता येणारे झाड, अशी ही जोडी. उसाचे तसे नाही. त्याला उन्हाचा भुकेला म्हटले तरी चालेल. कडक उन्हातही त्याचे प्रकाशसंश्लेषण वाढतच राहते. हळदीला चालणारे झाड उसाला चालेल असे नव्हे. म्हणून सरसकट ‘झाडे लावा’ हा सल्ला शास्त्रीय नाही. कोणत्या पिकात, हे आधी ठरले पाहिजे.

कराडहून विट्याकडे गेले की प्रश्नच बदलतो. खानापूर तालुक्यात येरळेवर गावकऱ्यांनी मुक्तिसंघर्ष चळवळीतून १९८० च्या दशकात बळीराजा धरण बांधले. पाणी भूमिहीनांसह सर्वांना आणि त्यावर ऊस घ्यायचा नाही, असे त्यांनी ठरवले. पीक-आराखड्यात झाडांनाही जागा होती. तिथे झाडाचा विचार पाण्याच्या वाटपासोबत झाला, बांधावरच्या उरल्यासुरल्या जागेपुरता नाही. २०१४ साली भारताने राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण जाहीर केले. त्याचे स्वागत करताना हा फरक आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

शाळेत हे करून पाहता येईल. बांधावर एखादे मोठे झाड असलेले ज्वारीचे रान निवडा, मालकाची परवानगी घ्या. खोडापासून एक-एक मीटरवर खुणा करा. झाडाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला, दोन्ही बाजूंना. कापणीच्या वेळी प्रत्येक खुणेजवळची दहा कणसे वेगवेगळी मळून वजन करा आणि आलेख काढा. दोन्ही बाजूंचे आलेख सारखे येतात का, किती मीटरांवर रेषा सपाट होते, ते नोंदवा. सोबत मालकाला दोन प्रश्न विचारा: हे झाड कोणी लावले, आणि शेजारची झाडे कधी व का तोडली? पुढच्या जूनमध्ये रोपांची गाडी शाळेत येईल, तेव्हा ती वही टेबलावर असू द्या.