घराचा दर्शनी भाग

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की बहुतेक मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: यंदा रंग द्यायचा, की नुसती झाडलोट करून भागवायचे? प्रश्न पैशाचा असतो, रंगाऱ्याच्या सवडीचा असतो, आजोबांच्या दम्याचा असतो. परवानगीचा मात्र तो सहसा नसतो. पण मुंबईत अशीही घरे आहेत की ज्यांना रंग द्यायचा तर आधी महानगरपालिकेच्या आयुक्तांची लेखी परवानगी घ्यावी, असे नियमाने ठरवले. ही थट्टा नव्हे. एप्रिल १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा जतनाची जी नियमावली लागू झाली, तिच्यात पाडकाम, दुरुस्ती आणि गिलावा यांच्या जोडीला रंगकामाचाही स्पष्ट उल्लेख होता. अशा प्रकारची ही भारतातली पहिली नियमावली. पुढे २०१८ च्या विकास नियंत्रण नियमावलीत हे प्रकरण काही फेरफारांसह चालू राहिले.

वाङ्मयाला वाहिलेल्या अंकात नियमावलीची समीक्षा कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच की, एखादी कादंबरी आपण वाचली नाही तर ती आपल्या वाटेला जात नाही. नियमावली मात्र न वाचणाऱ्याच्याही घरात शिरते. आणि या नियमावलीला स्वतःची अशी एक दृष्टी आहे. ती काय पाहते आणि कशाकडे पाठ फिरवते, हे तपासणे समीक्षकाचेच काम आहे.

तिचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. तिच्यापूर्वी आपल्याकडे जतनाचा विचार होई तो लेण्यांचा, किल्ल्यांचा, मंदिरांचा. माणसे ज्यांत राहतात, भांडतात, बारशी आणि तेरावी करतात, अशा साध्या घरांनाही जपण्यासारखे काही असते, ही कल्पना कायद्याच्या गावी नव्हती. नियमावलीने ती आणली. घर मालकाचे खरे, पण त्याचा दर्शनी भाग थोडासा गल्लीचाही असतो, हे तिने मानले. अमेरिकेतील चार्ल्सटन शहराने हेच तत्त्व १९३१ साली कायद्यात उतरवले आणि रस्त्यावरून दिसणाऱ्या बदलांवर देखरेख करायला एक मंडळ नेमले. तत्त्व रास्त आहे. सलग सात घरांच्या लाकडी सज्जांपैकी मधल्या एकाने सज्जा काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या, तर तोंडातला पुढचा दात पडल्यासारखे उरलेल्या सहांचेही रूप जाते.

आता रचनेकडे वळू. नियमावलीने वास्तूंच्या श्रेण्या पाडल्या. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू. दुसरीत त्यांच्या खालोखालच्या, तिचेही पुन्हा 'अ' आणि 'ब' असे दोन भाग. आणि तिसरीत नगराच्या एकूण रूपासाठी महत्त्वाची घरे आणि वस्त्या. या तिसऱ्या श्रेणीचे वर्णन करताना नियमकर्त्यांच्या लेखणीतून सबंध मसुद्यातला सर्वांत जिवंत विचार उतरला आहे: ही घरे एखाद्या समाजाच्या जीवनपद्धतीची निदर्शक असू शकतात. म्हणजे येथे प्रथमच दगड-चुन्यापलीकडे माणूस दिसला! पण दिसला तो सर्वांत खालच्या पायरीवर. राजभवने आणि रेल्वे स्थानके वर, आणि राहती घरे तळाला. ज्याला जेवढी कमी कडेकोट व्यवस्था, त्याला तेवढी अधिक गरज, अशी ही उलटी उतरंड आहे.

तिचे फळ लवकरच दिसले. १९९९ साली राज्य सरकारने विकास नियमांत बदल केला आणि तिसऱ्या श्रेणीतील, तसेच वारसा परिसरांतील, उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला वारसा समितीच्या परवानगीतून सूट दिली. 'उपकरप्राप्त' हा शब्द मुंबईकरांना समजावून सांगावा लागत नाही. १९६९ च्या कायद्याने दक्षिण आणि मध्य मुंबईतील जुन्या, भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवला आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमले. अशा इमारती प्रारंभी १९,६४२ होत्या. चाळी आणि जुनी राहती घरे बहुशः यांतच मोडतात. तेव्हा १९९५ ने एका हाताने जे दिले, ते चार वर्षांत दुसऱ्या हाताने काढून घेतले. जीवनपद्धतीचे वाक्य कागदावर तसेच राहिले.

पण सारा दोष त्या सवलतीवर टाकून मोकळे होणे अन्यायाचे होईल. सूट मिळताच रहिवाशांनी ती हात पसरून का घेतली, हा खरा प्रश्न आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीला बांधली. त्या वेळी ते योग्यही होते. फाळणीचे लोंढे आणि युद्धोत्तर टंचाई यांत भाडेकरूला दुसरा आधार नव्हता. पुढे १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली. पण मूळ आकडाच चहापाण्याच्या खर्चाएवढा असेल, तर त्याचे चार टक्के ते किती? मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात सागवानी तुळई कोठून आणू? भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही, मी का आणू? दोघांचेही बरोबर असते आणि दरम्यान पावसाळा येतो. छपरावर निळे ताडपत्रीचे आच्छादन चढते. समिती मात्र दर्शनी भागातला कोरीव कठडा मूळ नमुन्याप्रमाणे असावा, असे सांगत असते. ती चुकीचे सांगत नाही. पण कठड्यामागे वासा कुजतो आहे, याची चौकशी तिच्या अर्जाच्या नमुन्यात नाही.

मोबदल्याची तरतूद अगदीच नाही असे नाही. बंधनामुळे जो चटईक्षेत्राचा हक्क वापरता येत नाही, तो अन्यत्र वापरता यावा, विकता यावा, अशी सोय नियमांत आहे. परंतु हा हक्क मालकाचा. जिन्याच्या डगमगत्या पायऱ्या दिवसातून दहा वेळा चढणाऱ्या भाडेकरूच्या हाती त्यातून काय लागते? जतनाचा बोजा राहणाऱ्याने वाहायचा आणि भरपाई दुसऱ्याने घ्यायची, ही विभागणी ज्याला न्याय्य वाटते त्याने एक आषाढ त्या जिन्यावर काढावा.

गिरगावातली खोताची वाडी हे या सगळ्याचे बोलके उदाहरण. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची ही वस्ती. माणसे मराठी बोलणारी, घरे लाकडी, बाहेरून जिना, पुढे ओटी, अरुंद गल्लीत एक क्रूस. नाताळ आला की दारोदारी तारे लटकतात. एके काळी येथे पासष्ट घरे होती असे सांगतात. आज तिसाच्या आतबाहेर उरली असतील. वाडी वारसा परिसर म्हणून नोंदली गेली, तरीही शेजारी उंच इमले उभे राहिले. जी घरे टिकली, ती मुख्यतः तेथे राहणाऱ्यांनी पदरमोड करून, पाहुण्यांना जेवू घालून आणि चार माणसांत आवाज उठवून टिकवली आहेत. नियमाने त्यांना पाटी दिली; जीव त्यांनीच ओतला.

याच्या उलट बाजूचे दृश्य २०१२ साली दादरला दिसले. वारसा यादीत नव्याने घालण्याच्या वास्तूंची आणि परिसरांची यादी हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाली आणि शिवाजी पार्कात खळबळ उडाली. मैदानाभोवतीच्या दोन-तीन मजली इमारतींना तेव्हा साठ-सत्तर वर्षे झालेली. लिफ्ट नाही, गुडघे दुखतात, पुनर्विकास झाला तर मुलाला शेजारीच खोली मिळेल या आशेवर पुष्कळांचे बेत बांधलेले. ते वारशाचे वैरी नव्हते. कट्ट्यावरच्या गप्पा आणि मैदानाचा मोकळेपणा त्यांच्याइतका कोणाला प्रिय? पण 'आम्हांला न विचारता आमची घरे यादीत कशी गेली?' हा त्यांचा प्रश्न होता. थोड्याच अंतरावरच्या पारशी कॉलनीत मात्र त्याच यादीचे अनेकांनी स्वागत केले. कारण शोधायला लांब जायला नको. मंचेरजी जोशी यांनी १९२० च्या दशकात ती वसाहत वसवली तेव्हापासून झाडे, मोकळी जागा आणि इमारतींची उंची यांविषयीच्या मर्यादा तेथे अंगवळणी पडलेल्या. सरकारी नियम आला तो त्यांच्याच नियमाला दुजोरा देत आला.

या दोन वसाहतींमध्ये जो फरक आहे, तोच माझ्या टीकेचा गाभा. वारसा समितीत निवृत्त सनदी अधिकारी असतात, वास्तुशास्त्रज्ञ, अभियंते, इतिहासाचे जाणकार असतात, सगळे मान्यवर. पण रहिवासी म्हणून कोणासाठी खुर्ची राखलेली नाही. स्थानिक देखरेख म्हणायचे आणि स्थानिकाला अर्जदार करून दाराबाहेर बसवायचे, यात काहीतरी चुकते आहे. ओव्हल मैदानाकाठच्या आणि मरीन ड्राइव्हवरच्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यामागे रहिवाशांच्या संघटनांची अनेक वर्षांची खटपट होती. तो सुखवस्तू भाग होता, हा मुद्दा मी विसरत नाही. पण म्हणूनच गिरगावच्या आणि लालबागच्या भाडेकरूला अधिक मदत हवी. अधिक सूचना नकोत.

तेव्हा नियमावली रद्द करा, असे मी म्हणत नाही. ती गेली तर राहिलेली घरेही दहा वर्षांत जातील. मात्र जेथे ती 'हे करू नका' म्हणते, तेथे 'हे असे करा, आणि त्याला लागणारा सुतार व अर्धा खर्च हा घ्या' असेही तिने म्हटले पाहिजे. प्रत्येक वारसा परिसरात राहणाऱ्यांची एक लहान समिती असावी आणि मोठ्या समितीने तिला आधी ऐकावे, मग ठरवावे. आणि तिसऱ्या श्रेणीतले ते जीवनपद्धतीचे वाक्य उचलून सबंध मसुद्याच्या शिरोभागी ठेवावे. कारण जी घरे राहती आहेत, त्यांत राहणारा निघून गेला की उरते ती केवळ चांगली भिंत.

या दिवाळीतही खोताच्या वाडीतल्या आणि गिरगावातल्या कित्येक जुन्या सज्जांत कंदील लागतील. कंदिलाला परवानगी लागत नाही. तो ज्या वाशाला टांगायचा, तो पुढच्या दिवाळीपर्यंत टिकेल की नाही, याचे उत्तर मात्र त्या घरातल्या माणसापाशी एकट्यापाशी नाही. आणि ते त्याच्यावर एकट्यावर सोपवून आपण कंदिलाचे कौतुक करावे, हे बरे नव्हे.