उच्चाराचा दोष की अधिकाराचा अभाव? कॉल सेंटरविषयक दोन कलाकृतींची चिकित्सा

प्रास्ताविक

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि तिच्या नियोजनातून साकारलेल्या नवी मुंबईचा आर्थिक चेहरा एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी पालटू लागला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांच्या शेजारी महापे येथील मिलेनियम बिझनेस पार्क, ऐरोली येथील माइंडस्पेस यांसारखी संकुले उभी राहिली. वाशी रेल्वे स्थानकाच्या इमारतीतही माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये आली. अशा कार्यालयांत रात्रपाळी करून परदेशी ग्राहकाला तांत्रिक साहाय्य देणारा तरुण हा बहुधा आपल्याच महाविद्यालयांचा पदवीधर असतो. त्याच्या कामाची चर्चा रोजगार आणि परकीय चलन या अंगांनी पुष्कळ झाली. दोन माणसांमधील संवाद म्हणून त्या कामाकडे पाहण्याची गरज मात्र शिल्लक आहे. प्रस्तुत लेखात चेतन भगत यांची ‘वन नाइट अ‍ॅट द कॉल सेंटर’ (२००५) ही इंग्रजी कादंबरी आणि जॉन जेफकोट दिग्दर्शित ‘आउटसोर्स्ड’ (२००६) हा अमेरिकी चित्रपट यांच्या आधारे या संवादातील पूर्वग्रहाची चिकित्सा केली आहे.

कादंबरी : अवहेलनेला तुच्छतेचे उत्तर

भगत यांच्या कादंबरीचे स्थळ गुडगाव आहे. घरगुती उपकरणांविषयीच्या तक्रारी ऐकण्यासाठी श्यामचा ‘सॅम’ होतो, व्रूमचा ‘व्हिक्टर’ होतो, राधिकाची ‘रेजिना’ होते. नाव बदलल्याने ग्राहकाचा पूर्वग्रह नाहीसा होत नाही, तो केवळ चुकवला जातो. ग्राहकाला शंका आली की तोच पूर्वग्रह शिवीच्या रूपाने प्रकट होतो. हा अपमान लेखकाने नेमका टिपला आहे.

तथापि याच कादंबरीत प्रशिक्षक एजंटांना एक समीकरण शिकवतो : पस्तीस वर्षांच्या अमेरिकी माणसाची बुद्धी दहा वर्षांच्या भारतीय मुलाइतकी समजावी. वाचक येथे हसतो. परंतु हा विनोद म्हणजे उलट्या दिशेने वाहणारा वर्णग्राही पूर्वग्रहच होय. ज्याला समोरच्याचा राग गिळावा लागतो, त्याला समोरच्याला मूर्ख मानण्याची मुभा ही जणू वेतनाचाच एक भाग म्हणून दिली जाते. लेखकाने या समीकरणाकडे टीकेच्या दृष्टीने पाहिलेले नाही. उलट कथानकाची सोडवणूक त्यावरच आधारली आहे. नोकऱ्या वाचवण्यासाठी पात्रे अमेरिकी ग्राहकांना संगणकीय हल्ल्याची धास्ती घालतात आणि वारंवार फोन करायला लावतात. या लबाडीला कादंबरी विजयाचा दर्जा देते.

वास्तवाने या प्रसंगावर कठोर भाष्य केले आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घालून सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले. अमेरिकेच्या करविभागाचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथील नागरिकांना लुबाडले जात होते, असा तो गुन्हा होता. संगणकात विषाणू शिरल्याचे भासवून ‘तांत्रिक साहाय्या’च्या नावाने पैसे उकळण्याचा प्रकार तर जगभर परिचित झाला. कादंबरीमुळे हे गुन्हे घडले, असे म्हणण्याचा येथे उद्देश नाही. तथापि ग्राहक माणूस न राहता केवळ भोळे सावज ठरतो, तेव्हा विनोद आणि फसवणूक यांतील अंतर किती कमी उरते, हे यावरून ध्यानात येते. अशा प्रत्येक गुन्ह्याची किंमत प्रामाणिक एजंटाला मोजावी लागते. पुढच्या फोनवर त्याचा भारतीय उच्चार हाच संशयाचा पुरावा ठरतो.

चित्रपट : संहितेबाहेरचे एक वाक्य

‘आउटसोर्स्ड’मधील टॉड हा अमेरिकी व्यवस्थापक आपल्या जागी येणाऱ्या भारतीयांना प्रशिक्षण देण्यासाठी ‘घारापुरी’ नावाच्या गावी येतो. चित्रपटातील गाव काल्पनिक असले तरी हे नाव उरण तालुक्यातील बेटाचे आहे. येथे टॉडचे नाव ‘टोड’ असे उच्चारले जाते. इंग्रजीत त्याचा अर्थ बेडूक असा होतो. नाव बिघडण्याचा अनुभव प्रथमच अमेरिकी माणसाच्या वाट्याला देऊन चित्रपटाने एक मार्मिक उलटापालट साधली आहे.

याहून महत्त्वाचा प्रसंग आशा या एजंटाचा आहे. अमेरिकी नोकऱ्या परदेशी गेल्याबद्दल एक ग्राहक तिच्यावर संतापतो. ती पाठ केलेली क्षमायाचना करीत नाही. तशीच वस्तू अमेरिकेत बनवलेली मिळेल, परंतु तिला बरेच अधिक पैसे पडतील, एवढे ती शांतपणे सांगते. ग्राहक निवळतो. आशाचा उच्चार या प्रसंगात बदललेला नाही. बदलला आहे तो तिचा अधिकार. संहिता सोडून विचार करण्याची मुभा मिळताच संवाद शक्य होतो.

या दृष्टीने २००३ सालची एक घटना पाहण्यासारखी आहे. ग्राहकांच्या तक्रारींनंतर डेल कंपनीने व्यावसायिक ग्राहकांचे काही तांत्रिक साहाय्य बंगळूरहून अमेरिकेतील केंद्रांकडे वळवले. तक्रारी दोन होत्या : उच्चार समजत नाही आणि उत्तरे ठरावीक साच्याची मिळतात. यांपैकी दुसरी तक्रार व्यवस्थेविषयी आहे. एजंटाला निर्णयाचा अधिकार नसतो आणि कॉलची मिनिटे मोजली जातात. ग्राहकाला हे दिसत नाही. त्याला केवळ आवाज ऐकू येतो. परिणामी व्यवस्थेचा दोष उच्चाराच्या माथी मारला जातो.

चित्रपटाच्या मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. होळी, गायी, गर्दी यांच्या रंगीत चौकटीत भारत हे टॉडच्या परिवर्तनाचे निमित्त ठरते. शेवटी काम चीनला जाते. टॉड शहाणा होऊन परततो, एजंटांचे पुढे काय, हा प्रश्न मात्र दुय्यम राहतो.

‘मातृभाषेचा प्रभाव’ आणि आपले वर्ग

या व्यवसायाच्या परिभाषेत मराठी वळणाच्या इंग्रजीला ‘मातृभाषेचा प्रभाव’ असे नाव आहे आणि तो काढून टाकावयाचा असतो. इंग्रजीतील दोन भिन्न ध्वनींसाठी एकच ‘व’ वापरणे किंवा ‘ट’, ‘ड’ मूर्धन्य उच्चारणे हे दोष ठरतात. नवी मुंबईच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. ज्या आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर हे शहर वसले, तेथील विद्यार्थ्याला ‘पानी’ऐवजी ‘पाणी’ म्हण, असे मराठीच्या वर्गातच प्रथम बजावले जाते. उच्चारावरून माणसाची पायरी ठरवण्याची रीत त्याला परदेशी ग्राहकाच्या आधी आपल्याच शिक्षणव्यवस्थेत भेटते.

२०२५ साली टेलिपरफॉर्मन्स या फ्रेंच कंपनीने भारतीय एजंटांचा उच्चार बोलता बोलताच सौम्य करणारी सानास कंपनीची कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली प्रणाली वापरात आणल्याचे वृत्त आले. आकलन सुलभ होणे आणि शिवीगाळ कमी होणे हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु पूर्वी नाव बदलले जाई, आता आवाज बदलतो. ऐकणाऱ्याचा कान मात्र आहे तसाच राहतो.

समारोप

दोन्ही कलाकृती एकत्र वाचल्यास असे दिसते की पूर्वग्रह दुहेरी आहे आणि त्याचे मूळ उच्चारापेक्षा अधिकाराच्या विषम वाटपात आहे. कादंबरी अपमान ओळखते, परंतु त्याला तुच्छतेने उत्तर देते. चित्रपट एका प्रसंगापुरता का होईना, बरोबरीच्या संवादाचा मार्ग दाखवतो.

अध्यापकांसाठी यातून एक व्यावहारिक प्रश्न निर्माण होतो. संवादकौशल्याच्या तोंडी परीक्षेत आपण नेमके कशाला गुण देतो? बोलणे समजण्याजोगे असणे ही रास्त अपेक्षा आहे. बोलणे परक्यासारखे असणे ही वेगळी अपेक्षा आहे. समोरच्याची अडचण लक्षपूर्वक ऐकणे, ती स्वतःच्या शब्दांत मांडणे आणि उपाय क्रमाने समजावून सांगणे यांना गुणपत्रिकेत स्वतंत्र स्थान मिळाले, तर उच्चाराचे ओझे काहीसे हलके होईल. पहिली अपेक्षा शिक्षणाची आहे, दुसरी बाजाराची. त्यांतील भेद राखणे हे महाविद्यालयाचे काम आहे.