‘शीट’, ‘स्पेशल’ आणि ‘प्रीमियम’ : भाड्याच्या वाहनांच्या परिभाषेची समीक्षा

१

मोबाइलवरून टॅक्सी मागविण्याची सोय मोठ्या शहरांत रुळल्यानंतर तिच्याच पोटातून दुसरी एक कल्पना पुढे आली आहे. नित्याच्या सेवा बेभरवशाच्या झाल्या. सबब थोडे अधिक पैसे घेऊन चांगले वाहन व विनयशील चालक पुरविणारी ‘प्रीमियम राइडशेअर’ सेवा हाच त्यांना पर्याय होय, असे प्रतिपादन केले जाते. ह्या प्रतिपादनातील ‘शेअर’, ‘प्रीमियम’ आणि ‘पर्याय’ हे तीन शब्द एका तालुक्याच्या गावातील बोलीवर घासून पाहावेत, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी बीड जिल्ह्यातील माजलगाव निवडण्यास कारण आहे. सिंदफणेच्या काठच्या ह्या गावावरून कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग जातो, परंतु गावाला रेल्वे नाही. सारा प्रवास सडकेवरचा. एस.टी., काळीपिवळी जीप, रिक्षा आणि भाड्याची मोटार अशी वाहने येथे एकमेकांशेजारी चालतात, आणि त्या प्रत्येकीची स्वतंत्र परिभाषा आहे.

२

पहिला शब्द ‘शीट’. इंग्रजी ‘सीट’मधील सकाराचा ईकारापूर्वी शकार झाला, ही मराठीची जुनीच रीत. ‘शिनेमा’ आणि ‘शिमिट’ ही तिचीच उदाहरणे होत. ध्वनीपेक्षा अर्थातील बदल अधिक लक्षणीय आहे. ‘अजून दोन शीट पाहिजेत’ असे जीपवाला म्हणतो तेव्हा त्याला आसने नको असतात, माणसे हवी असतात. बसण्याच्या जागेचे नाव बसणाऱ्याला लागले. रिक्षावाल्याच्या तोंडी ‘भाडे आले’ ह्या वाक्यातही पैशाचे नाव माणसाला लागलेले आहे. ही लक्षणा ह्या जिल्ह्यास परकी नाही. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. तेथे हत्याराचे नाव माणसांना लागले. मोजणारा ज्या वस्तूतून माणसाकडे पाहतो, त्या वस्तूचे नाव तो माणसास देतो, असा निष्कर्ष यावरून काढण्यास हरकत नाही.

‘शीट’च्या समोरचा शब्द ‘स्पेशल’. ‘शिटावर जाणे’ म्हणजे इतरांसह, आपल्या जागेपुरते पैसे देऊन जाणे. ‘स्पेशल करणे’ म्हणजे सारे वाहन एकट्याने ठरविणे. शिटावरची गाडी ‘भरली’ की सुटते, एस.टी. ‘वेळ झाली’ की सुटते आणि स्पेशल ‘म्हणाल तेव्हा’ निघते. तीन वाहनांचे तीन काळ आहेत. पहिल्यात प्रवाशाने इतर प्रवाशांची वाट पाहावयाची, दुसऱ्यात घड्याळाची, तिसऱ्यात कोणाचीच नाही. स्पेशलला जे अधिक पैसे मोजावे लागतात ते गादीचे नव्हेत. गाडी बहुधा तीच असते, चालकही तोच. वाट न पाहण्याची ती किंमत होय.

३

या पार्श्वभूमीवर ‘राइडशेअर’ हा शब्द पाहिला असता त्यातील विसंगती चटकन ध्यानी येते. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उबर स्थापन झाली, ती काळ्या, आलिशान मोटारी मागविण्याची सेवा म्हणून. प्रत्येकाचा खासगी चालक, हे तिचे आरंभीचे घोषवाक्य. स्वस्त मोटारींची सेवा तिने २०१२ मध्ये आणली, आणि अनोळखी प्रवाशांनी एक मोटार वाटून घ्यावी अशी खरी सहप्रवासाची सोय २०१४ मध्ये. म्हणजे जिला लोक सर्रास ‘शेअर’ म्हणू लागले ती सेवा मुळात स्पेशल होती. माजलगावच्या बोलीत ही गल्लत संभवत नाही, कारण शिटावर जाणे आणि स्पेशल करणे यांत तेथे पैशाचाच नव्हे, तर संगतीचाही फरक आहे.

यातून दुसरीही गोष्ट निष्पन्न होते. प्रीमियम सेवा ही मुख्य प्रवाहास पर्याय म्हणून मागाहून निर्माण झाली, हा समज इतिहासाला धरून नाही. मुख्य प्रवाहच प्रीमियममधून निघालेला आहे. आज जो पर्याय म्हणून सांगितला जातो, तो वस्तुतः मूळ स्थानी परतण्याचा प्रकार होय.

४

आता ‘प्रीमियम’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लाभ अथवा बक्षीस असा असून त्याच्या व्युत्पत्तीत ‘इतरांआधी घेणे’ ही कल्पना आहे. जाहिरातीतील अर्थ याच्या जवळचा आहे : ज्यास परवडते त्याने आधी घ्यावे. मराठी घरांत मात्र हा शब्द विम्याच्या वाटेने आला. तेथे ‘प्रीमियम भरला’ म्हणजे हप्ता भरला. संकटाच्या भयापोटी दिलेली ती रक्कम आहे.

माजलगावातील ‘स्पेशल’ ह्या दोन अर्थांपैकी कोणत्या बाजूस पडते? लग्नाकार्यासाठी गाडी ठरविली जाते, हे खरे. परंतु रात्री अडलेल्या बाळंतिणीला किंवा सर्पदंश झालेल्या माणसाला बीड, अंबाजोगाई अथवा छत्रपती संभाजीनगरास न्यावयाचे असेल आणि रुग्णवाहिका वेळेवर मिळत नसेल, तर ‘स्पेशल करा’ हा उद्गार चैनीचा राहत नाही. ज्याने कधी शिटाखेरीज प्रवास केला नाही, तोच त्या रात्री वाहनातील सर्व जागांचे पैसे देतो. ऐपत जितकी कमी, तितका हा खर्च मोठा. शहरात जो शब्द सुबत्तेचा निदर्शक आहे तो येथे अडचणीचा निदर्शक ठरतो, आणि हाच प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

शहरी सेवांतही हा अर्थ पूर्णतः लपत नाही. मागणी वाढली की भाडे वाढावे, ही त्यांची रीत आहे. केंद्र शासनाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी ही वाढ मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत मान्य केली होती; २०२५ च्या सूचनांनी ती दुपटीपर्यंत नेली. पावसात अडकलेला प्रवासी दुप्पट भाडे देतो, तेव्हा त्याला अधिक चांगली मोटार मिळत नाही. तोही त्या क्षणी स्पेशलच करीत असतो.

५

प्रीमियम सेवेच्या बाजूने जे सांगता येईल तेही नमूद करणे न्याय्य ठरेल. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ब्लूस्मार्ट या सेवेने दिल्ली परिसरात आणि बंगळूरात विजेवर चालणाऱ्या मोटारी आणल्या. तिचे आकर्षण आसनांत नव्हते. ठरलेली गाडी आयत्या वेळी नाकारली जाणार नाही आणि भाडे मागणीनुसार चढणार नाही, ही तिची हमी होती. म्हणजे तिने विकली ती खात्री. एप्रिल २०२५ मध्ये तिचे काम थांबले आणि त्या खात्रीवर विसंबलेले प्रवासी पुन्हा पूर्वीच्याच सेवांकडे गेले. एका कंपनीच्या आयुष्याएवढेच आयुष्य असलेली खात्री कितपत खात्री म्हणावी, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो.

खात्री हीच जर खरी वस्तू असेल, तर महाराष्ट्रात ती सार्वजनिक रीतीने पुरविण्याचा प्रयत्न १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली तेव्हापासून चालू आहे. तिच्याही नावांत श्रेणी शिरल्या. ‘निमआराम’ हा फारसी घडणीचा, अर्ध्या आरामाची प्रामाणिक कबुली देणारा शब्द. त्यानंतर ‘हिरकणी’, ‘शिवनेरी’, ‘शिवशाही’ अशी इतिहासातून घेतलेली भारदस्त नावे. परंतु साध्या गाडीचे वेळापत्रक त्यांनी रद्द केले नाही. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली, तीही साध्या गाडीसह. उलट, ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेल्या संपात ही खात्री मोडली, तेव्हा गावोगावच्या प्रवाशांपुढे उरले ते शीट आणि स्पेशल हे दोनच शब्द.

‘पर्याय’ हा संस्कृत शब्द मूळचा क्रमाचा, पाळीचा वाचक आहे. एकामागून दुसरे येणे हा त्याचा अर्थ. ज्याच्यापुढे पहिली गोष्टच आलेली नाही, त्याला दुसरी पर्याय म्हणून देता येत नाही. शहरातील प्रवाशास चार सेवांपैकी एक निवडता येते, म्हणून त्याच्या दृष्टीने प्रीमियम हा पर्याय ठरू शकेल. रात्री माजलगावच्या स्थानकाबाहेर गाडी शोधणाऱ्याच्या दृष्टीने तो नाही. कोणत्याही नव्या सेवेचे मूल्यमापन करताना ती किती आरामदायी आहे हे विचारण्यापूर्वी, स्पेशल करण्याची वेळ तिने किती जणांवरून टाळली, हे विचारले जावे. त्या कसोटीस उतरणाऱ्या सेवेस ‘प्रीमियम’ म्हणण्याचे कारण उरणार नाही. तिला ‘वेळेवर येणारी गाडी’ एवढे म्हटले तरी पुरेल.